पसंतीक्रम

राजारामपुरीत माझं झेरॉक्सचं दुकान.
जून लागला की मी पोरांचे फॉर्म भरतो,
एकाला पन्नास रुपये, प्रिंट वेगळी.

हायवेला बोर्ड बदलला की मला इथं बसून कळतं.
कागलकडं जर्मन आले, त्या साली
सगळ्यांना मेकॅनिकल.
मग जपानी आले. मेकॅट्रॉनिक्स,
शिवाय संध्याकाळी भाषेचा क्लास;
घोरपड्यांचा निहाल तर मिसळीच्या गाड्यावरसुद्धा
कमरेत वाकून नमस्कार घालाय लागला.
तुला काय आवडतं, असं कुणी विचारत नाही.
विचारतात, बस कुठनं सुटते.

माझ्या वेळी कोरियन येणार होते.
पेपरात नकाशा आला, माळाला कुंपण पडलं,
मी भूगोल सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं.
कुंपण अजून आहे. आत म्हशी चरतात.

आज उज्मा शिकलगार आली, वडलांबरोबर.
ते उद्यमनगरात फौंड्रीला, भट्टीपाशी,
भुवया जळून अर्ध्या राहिलेल्या.
"पयलं मेकॅट्रॉनिक्स टाका," म्हणाले,
"पांढरी बस कोपऱ्यावर येती. एसी हाय."
मी टाकलं.
ती म्हणाली, "खोडा. मेटलर्जी."
"कुठं असतंय ते?"
"पुण्याला."
पंखा तेवढा बोलत राहिला.

मग तिनं सॅकमधनं एक कास्टिंग काढलं,
मुठीएवढं, वर लाल खडूची फुली,
आणि माझ्या माऊसशेजारी ठेवलं.
"जर्मनांनी परत पाठवलंय. अब्बांनी ओतलेलं.
महिन्याला टेम्पो भरून येतंय असलं,
कागदावर एकच शब्द, आणि पगारात कपात.
आत भोक का पडतं, कुणीच सांगत नाही.
मला ते बघायचंय."

मी ते ट्यूबलाइटखाली धरलं.
मोहरीएवढं भोक.
वडलांनी माझ्या हातातनं काढून घेतलं,
अंगठ्यानं झाकलं,
पोराचं नाक पुसावं तसं.
"ती म्हणती ते टाका," म्हणाले.
माझ्याकडं बघितलं नाही, तिच्याकडंही.

साइट तीनदा लटकली. चौथ्यांदा गेलं.
प्रिंटचे दहा रुपये मी घेतले,
घ्यायला नको होते.

मागचा पोरगा काउंटरला टेकला,
"काका, मेकॅट्रॉनिक्स. सगळीकडं तेच टाका."
लाल खडूची भुकटी
अजून माझ्या बोटांना होती.
'एम' वर थोडी लागली.