हजारापर्यंत आत

लुद्झाच्या डेपोत सकाळी सातला
मी काचेवरच्या वाफेत बोटानं हिशेब मांडते.
प्रोपेनचे सहा सिलिंडर, अकरा-अकरा किलोंचे:
सहासष्ट, गुणिले तीन, एकशे अठ्ठ्याण्णव.
करवतींसाठी पेट्रोल, दोनशे लिटर. सहाशे.
डिझेल एकशे नव्वद. त्याला एकानंच गुणायचं,
डिझेल गरीब स्वभावाचं.
नऊशे अठ्ठ्याऐंशी.

हजार ओलांडले की
गाडीला पुढेमागे नारिंगी पाटी लागते,
वेगळा परवाना लागतो, जो माझ्याकडे नाही,
आणि शेजारच्या सीटवर बाहेरचं माणूस चालत नाही.
बाहेरचं म्हणजे कोण तेही लिहिलेलं आहे:
जो कामावर नाही तो.

बाबा अकरा वर्षं कामावर नाहीत.
शेजारी बसलेत, नाकात नळी,
ऑक्सिजनचं नळकांडं काखेत दाबून,
बाजारातून कोंबडी आणावी तसं.
तेहतीस वर्षं टँकर चालवला त्यांनी
आणि शेजारी कधी कुणाला घेतलं नाही.
आईलासुद्धा नाही. ती बसनं माहेरी जायची,
आम्ही मुलं मागच्या काचेला नाक लावून
येणाऱ्या प्रत्येक टँकरला हात करायचो.
एखादा ड्रायव्हर करायचा उलट हात. कोण ते कळायचं नाही.

"या नळकांड्याचे किती धरायचे?"
पहिल्या दिवशी मी विचारलं होतं.
"शून्य. स्वतःपुरतं, घरगुती वापराचं. सूट आहे."
मग दोन श्वास थांबून, "पुस्तकात बघ, इंगुना."
बघितलं. होतं.

जंगलाच्या तोंडाशी आनेले उभी, हातात डबा.
पाच लिटर पेट्रोल, तळ्यापलीकडच्या भावासाठी;
तळं गोठायच्या आत दोनाट्सला
बोटीनं जाळी काढायची आहेत.
तीन पाचे पंधरा.
एक हजार तीन.
"तीनच तर," आनेले म्हणते.

तीनच. पण त्या तिनांपायी
बाबांना इथे उतरवावं लागेल,
बर्चच्या झाडांखाली, नळकांड्यासकट,
नाहीतर आनेलेचा डबा उतरवावा लागेल.
ती बाबांकडे बघते. बाबा सरळ समोर बघतात,
एक हात दाराच्या कडीवर.
मी काही म्हणायच्या आधी उतरले असते ते,
नियम होता म्हणून. मला ठाऊक आहे.

मग कडी तशीच धरून म्हणाले,
"एक लिटर आपल्या टाकीत ओत.
टाकीतलं मोजत नाहीत."
तीन चोक बारा.
"बरोबर हजार म्हणजे आत की बाहेर?"
"आत. हजारापर्यंत आत."

आनेलेनं नरसाळं धरलं आणि कुरकुरली:
"तो मापाचा पक्का आहे.
म्हणेल, बहिणीनं लिटरभर गिळलं."

फाट्यावर धुक्यात एक कोवळा इन्स्पेक्टर.
कागद वाचला, फोनवर बेरीज केली, पुन्हा केली.
अग्निशामकाची तारीख बघितली.
नळकांड्याकडे बघून तोंड उघडलं, मिटलं.
शेवटी काहीतरी म्हणायचं म्हणून बाबांना म्हणाला,
"गाडीजवळ सिगारेट ओढायची नाही."
बाबा इतके हसले की नळी निसटली
आणि ती परत बसवेपर्यंत
तो पोरगा खिडकीला धरून उभा राहिला,
माझ्याइतकाच पांढरा पडून.

दोनाट्सनं डबा नुसता हलवून सांगितलं,
"एक कमी आहे."
"त्यावर मी आलो," बाबा म्हणाले.
तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. मग
वर्तमानपत्रात दोन मासे बांधून दिले, ओले, अजून हलणारे.

परतीला मासे बाबांच्या मांडीवर.
मागे रिकामी पिंपं आदळत होती
आणि उतरवायचं काही उरलं नव्हतं तरी
मी सवयीनं गुणत राहिले,
तीन एके तीन,
तीन दुणे सहा.