गोमवार

बस. खुर्ची डुगडुगते,
डाव्या पायाखाली जुनी मतदारयादी आहे, ती काढू नकोस.
कोकण भवनातले साहेब साडेदहाला येतात,
आपली गिऱ्हाइकं त्यांच्या आधी.

पहिलं, कंट्रोल एस.
काम संपल्यावर नाही, पापणी लवते तसं, मधेमधे.
हा यूपीएस म्हातारा झालाय,
तीनदा टुकटुकतो आणि मान टाकतो.

नवं पान हवं तर एंटर एंटर एंटर करत
खाली उतरू नकोस, जिना नव्हे तो.
कंट्रोल धर, एकदाच एंटर.
नाहीतर वर एक ओळ वाढली
की खाली सहीची जागा घसरते
आणि नोटरी माणसालाच परत पाठवतो.

पुस्तकात शिफ्ट एफ-थ्री दिलंय. सोडून दे.
ते लहान अक्षराला मोठं करतं.
आपल्याकडे साहेबाचा स आणि सफाईवाल्याचा स
एकाच मापाचा.

नाव आणि आडनाव यांच्यात साधी स्पेस नको.
कंट्रोल, शिफ्ट, मग स्पेस.
दिसायला फट तेवढीच,
पण ओळ संपली तरी
माणूस अर्धा वर अर्धा खाली होत नाही.

आता कंट्रोल एच. शोधा आणि बदला.
ते 'सगळे बदला' दिसतंय?
हात लावायच्या आधी ऐक.

करावे गावचे हसूराम मढवी.
बापाचं नाव गोमा.
कुण्या कारकुनाच्या हातून
ग च्या पोटात एक आडवी रेघ जास्त गेली,
कागदावर झाला सोमा.
खाडीकाठची जमीन गेली ती गोमाची,
साडेबारा टक्के निघाले ते सोमाचे.
सोमाला मुलगा नाही, गोमाला भूखंड नाही.
अकरा वर्षं.

नऊ पानं होती, मी घाईत.
कुठे सोमा, कुठे सोम्या, कुठे सोमाजी,
म्हणून हुशारी केली:
शोधा, सोम. बदला, गोम. सगळे.
छत्तीस जागी बदललं, मशीन म्हणालं.

हसूरामांचा चष्मा घरी. मीच वाचून दाखवलं.
'कागदोपत्री गोमा आणि गोमा ही एकच व्यक्ती आहे.'
ते म्हणाले, "हा, तां खरांच हाय."
पुढे वाचलं:
'माझे वडील दिनांक चौदा जून रोजी,
गोमवारी, मयत झाले.'

माझी जीभ अडकली. ते हसायला लागले,
तोंडावर पंजा धरून,
शेजारचा झेरॉक्सवाला डोकावेपर्यंत.
मग डोळे पुसून म्हणाले,
"र्‍हव दे गो बाय.
सात वारान येक त बापाचे नावाव र्‍हव दे."

राहून कसं चालेल.
आधी एफ-ट्वेल्व्ह दाबलं, दुसऱ्या नावानं जतन केलं.
मूळ फाईल पुन्हा उघडली
आणि छत्तीसच्या छत्तीस ठिकाणी
बाप परत सोमा होऊन समोर उभा.
हसूराम स्क्रीनकडे बघत होते.
हे मी त्यांच्यासमोर करायला नको होतं.

मग एकेक. पुढचा शोधा, बदला.
पुढचा शोधा, बदला.
प्रत्येक गोमाला ते मान हलवत होते,
वर्गात हजेरी चालावी तसे.
चौतीस झाले. एक सोमा ठेवला, पुराव्याला.
आणि सोमवार ठेवला सरकारचा.

भूखंडाचं? ठाऊक नाही.
दिवाळीनंतर एकदा सुका जवळा देऊन गेले,
म्हणाले, फाईल वर गेलीय.
किती मजले वर, मी विचारलं नाही.

डेस्कटॉपवर, डाव्या कोपऱ्यात,
'गोमवार' नावाची फाईल दिसेल.
साफसफाई करताना ती पुसू नकोस,
जागा फार खात नाही.

ते बघ, आलं कुणीतरी.
चाळीस रुपये पान, आधीच सांग.
आणि नाव ऐकून टाईप करू नकोस,
त्यांच्याच हातानं
या चिठ्ठीवर लिहून घे.