भाताने जोडलेल्या विटा

कामाख्येला आम्ही गेलोच नाही, हे आधी सांगतो.
रांग चार तासांची होती,
आणि हेमकांत कलिता स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला,
"देवी कुठे पळून जात नाही. ऊन जातं."
गाडी पुलावर आली तेव्हा मी म्हणालो, केवढी नदी!
"नद," तो म्हणाला. "ब्रह्मपुत्र बाप्या आहे."
आणि बराच वेळ गप्प राहिला,
जणू मी त्याच्या थोरल्या काकांना वहिनी म्हणालो होतो.

हाजोला टेकडीवर माधव, पायथ्याशी तळं.
शाळेतल्या पोरी पायरीवर बसून बिस्किटं कुस्करत होत्या.
एक कासव वर आलं, पाठीवर शेवाळ, गळ्याला घड्या,
निवृत्त तहसीलदारासारखं.
सगळ्यांकडे एकदा पाहून
काहीच मंजूर न करता खाली गेलं.

पलीकडच्या टेकडीवर पोवा मक्का.
पोवा म्हणजे पाव.
मक्केची माती आणून इथे ठेवली म्हणतात,
इथे आलं की पाव हज पदरात.
उरलेल्या तीन पावांसाठी
खालच्या गल्लीत पितळ ठोकलं जातं पहाटेपासून.

त्या गल्लीत मफिजुद्दीन मरिया.
त्याच्या शराया, त्याच्या घंटा नामघरांत जातात, देवळांत जातात.
नखाने एकेक घंटा टिचकावून दाखवली:
"ही नामघरची. ही लग्नात द्यायची.
ही तुमच्यासारख्यांची, हिला फार बोलता येत नाही."
मी नामघरची मागितली.
"तिचे पैसे आलेत," तो म्हणाला, "माणसं यायचीत."
मग मी कमी बोलणारी घेतली. वर्तमानपत्रात गुंडाळून दिली त्याने,
लोळीभोवती चिंधी बांधून,
वाटेत उगाच बडबड नको म्हणून.

शिवसागर तिथून आठ तास. मध्ये चहाचे मळे,
मध्ये एकदा हत्ती जायचे म्हणून थांबलेले ट्रक.
तलातल घराच्या दाराशी तिकिटं फाडणारी पदुमी गोहाँई
सुट्टे नाहीत म्हणाली आणि त्या बदल्यात माहिती दिली:
या विटांत सिमेंट नाही.
बोरा तांदूळ शिजवून, त्यात बदकाची अंडी, गूळ, चुना.
मी भिंतीवर तळवा ठेवला. गार होती.
राजे तिला सगळे पाठ.
कुणी कुणाला बुडवलं, कुणाचा कान मुद्दाम फाडला,
कारण अंगाला खोट असली की सिंहासन नाही.
"आणि बदकं किती लागली?"
ती पहिल्यांदा हसली. "ते बुरंजीत नाही."

संध्याकाळी हेमकांतच्या पेहीकडे, म्हणजे आत्याकडे.
हिरण्यप्रभा. दाराशी सुपाऱ्या सोलत बसलेली.
काशाच्या वाटीत तोच बोरा भात, दही, गूळ,
आणि बाजूला, न मागता, उकडलेलं एक बदकाचं अंडं.
म्हणजे अख्खा राजवाडा, फक्त चुना सोडून.
मी सांगितलं, आमच्याकडे दाणा दाण्यापासून सुटा लागतो,
चिकटला तर सुगरणीचं नाव जातं.
तिने हेमकांतकडे पाहिलं.
"मग घर कशावर उभं राहतं यांचं?"

तिचं माहेर माजुलीला. होतं.
सत्र चार वेळा मागे सरकवलं त्यांनी:
आधी पोथी उचलायची, मग दिवा, विझू न देता,
मग खांब, मग गायी.
पाचव्या वेळी सरकायला मागे काही नव्हतं.
"बापच तो," ती म्हणाली. "रागावला की घराबाहेर काढतो."
आणि वाटीत अजून भात वाढला.

परतताना विमानतळावर पिशवी उघडायला लावली.
त्या पोराने घंटेची चिंधी सोडली, हलवली.
एकच टोल. रांगेतल्या दोन बायकांनी
कुठे, कोणासाठी, न विचारता हात जोडले.
मी घड्याळ ट्रेमध्ये ठेवलं.
पट्ट्यावर एक शीत वाळून बसलं होतं.
नखाने काढायला गेलो.
निघेना.