लोखंड वगळून

ॲल्सिड गाडीतच बसतो.
गुडघे गेले, आणि त्याआधी कान,
एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत
ओंडक्यांची साल सोलणाऱ्या पिंपाशेजारी.
आता यंत्र माझ्या हातात,
आणि काच खाली करून तो विचारतो,
"कसं वाजलं?"

मी वाजून दाखवते.
सदुसष्टाव्या वर्षी, मेनच्या पार उत्तर टोकाला,
नारिंगी जाकीट घालून (शिकारीचा मोसम आहे)
बाई रानात उभी राहून ओरडते:
टिंऽऽग.
"चढं की बसकं?"
"मधलं!"
"बाटलीचं झाकण. सोड."
आणि खणल्यावर ते बाटलीचं झाकणच निघतं.

इथे लाकूडतोड्यांचा तळ होता.
म्हणजे आता एक लांबट उंचवटा, शेवाळलेला,
ज्याच्या आत साठ माणसं फळ्यांवर ओळीनं
एकाच लांब गोधडीखाली झोपत;
कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून.
दार असावं तिथे सफरचंदाचं झाड.
लावलेलं नाही कुणी,
खाऊन थुंकलेलं.
कंपनीचं परवानगीपत्र गाडीच्या कप्प्यात आहे,
घडीवर फाटलेलं, आजवर कुणी मागितलेलं नाही.

ॲल्सिडला चांदी हवी.
नाणं, अंगठी, गेला बाजार घड्याळाची साखळी.
यंत्र घेतलं त्या दिवशीच त्यानं एक खटका सरकवला:
लोखंड वगळ.
तेव्हापासून लोखंडावर यंत्र गप्प बसतं,
उधारीवाला आला की
दिवा मालवून बसणाऱ्या घरासारखं.

आज ओढ्याकडच्या उतारावर
तो खटका मी मागे ओढला.
विचारलं तर सांगेन, हातमोज्यानं चुकून सरकला.

झाकणाखाली लाह्या फुटाव्यात
तशी जमीन तडतडली.
टाच ठेवायला मोकळी जागा नाही:
खिळे, साखळीच्या कड्या, पिंपांचे पट्टे,
घासून घासून नखाएवढी उरलेली कानस.
लोहाराचं पाल असणार इथे.
जे तापलं, वाकलं, बिघडलं
ते त्यानं स्वतःच्या पायाशीच टाकलं.
आणि आम्ही बावीस वर्षं
हा उतार शांत आहे म्हणून
इथे डबा उघडून जेवत आलो.

चार बोटं खोल. गंजाची वडी.
खरवडली तर स्वल्पविरामासारखं काही,
तळहातभर,
पाच भोकं, एकात खिळा अजून.

गाडीशी नेलं. सोड म्हणेल असं धरूनच नेलं.
त्यानं चष्मा वर केला, बोटानं भोकं मोजली.
"घोड्याचा नव्हे. बैलाचा नाल.
अर्धा."
खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन.
"आणि बैल तीन पायांवर उभा राहत नाही, ओडील.
पोटाखाली पट्टा घालून चौकटीत उचलावा लागतो.
आजोबा म्हणायचे, वर टांगला की
तो एकदम गरीब होतो,
कान पाडून लोहाराचा हात बघत राहतो."

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात
हे आजोबा मला पहिल्यांदाच भेटत होते.

"कोणते आजोबा?" मी विचारलं.
त्याला ऐकू आलं नाही, की आलं,
कोण जाणे.
नालावरचा अंगठा काढून तो म्हणाला,
"कसं वाजलं हे?"

हे वाजवायला मला येईना.
टिंग नव्हतं, टंग नव्हतं.
घसा खाली, खाली नेत
मी काहीतरी घोगरं गुरगुरले.
त्यानं मान हलवली: नाही.
मग खिडकीतून हात बाहेर काढून
दोन बोटं, गंजानं लाल,
माझ्या गळ्यावर ठेवली.

"पुन्हा."

चार वाजत आले होते.
नोव्हेंबरात इथे चारनंतर काही दिसत नाही,
आणि दुसरा अर्धा अजून खालीच होता.