ओसरीपुरतं

दांडिया बाजारात आमचं सेव-उसळीचं दुकान.
भावफलकाखाली खडूनं लिहिलेलं होतं:
वायफाय फुकट. पासवर्ड एक ते आठ.
सहा वर्षं कुणी पुसलं नाही;
पावाचा भाव तेवढा चारदा बदलला.

राऊटर फ्रिजवर. खंडेनवमीला
झारा, पातेलं, वजनकाटा यांच्या रांगेत
त्यालाही हळदकुंकू लागायचं.
त्याच्या आतलं कुलूप कंपनीनं दिलं तसंच होतं,
किल्लीसकट,
हे मला नंतर कळलं.

मग तो फार्मसीचा मुलगा आला. ओरडला नाही.
एवढंच म्हणाला, काकी, परवा इथं बसलो होतो,
तुमच्या नावाचं वायफाय दिसलं,
ते तुमचंच होतं ना?
चार हजार गेले होते.
इथून गेले नसतीलही.
मी प्लेट पुढे केली. त्यानं पाव मोडला नाही.

परमारांची झंखना स्कूटीवरून आली,
मिरच्यांच्या पाटीशेजारी लॅपटॉप मांडून बसली.
म्हणाली, काकी, तुमचा गल्ला आणि गिऱ्हाईक
एकाच ताटात जेवतायत.
बिलाचं मशीन, कॅमेरा, पैसे आले म्हणून ओरडणारा डबा,
आणि ज्यांना उसळ परवडत नाही पण बाक परवडतो ते,
सगळे एका पंगतीला.

तिनं दोन वाटे केले.
माजघर वेगळं. त्याचा पासवर्ड लांबलचक,
मी आरतीसारखा पाठ केलाय, इथं लिहिणार नाही.
ओसरी वेगळी. ओसरीवर लोक मांडीला मांडी लावून बसतील,
पण कुणाला कुणाच्या ताटात डोकावता येणार नाही.
दर सोमवारी नवा पासवर्ड, बिलावर छापून.
रात्री अकराला ओसरी बंद.

आणि आपल्या नावाचं सोंग कुणी पुन्हा उभं केलं तर?
ते पुरतं थांबत नाही, काकी, ती म्हणाली.
लोकांना सांगा, इथं बसून बँक उघडू नका.
तेच आता फलकावर आहे, भावाच्याही वर.

जाता जाता तिनं जुनी यादी दाखवली,
कोण कोण जोडलं जायचं त्याची.
वरच्या मजल्यावरचे दिघे, नमस्कार न करणारे.
समोरचा मोबाइलच्या कव्हरवाला.
आमचा विकून टाकलेला टॅब, म्हणजे जवळच कुठंतरी आहे.
आणि एक बिननावाचा फोन,
रोज पहाटे चार-बत्तीसला, दहा मिनिटं.
हा तर आता गेला, झंखना म्हणाली.
गेला.

त्या वेळी मी मागच्या खोलीत वाटाणे शिजत घालते.
शटरपलीकडे कुणीतरी उभं असायचं
आणि मला फक्त कुकरच्या शिट्ट्या.
झाडूवाली असेल. पेपरवाला. रात्रपाळीचा कुणी,
ज्याच्या घरी तेव्हा दिवस असेल.
चोरही असेल, झंखना म्हणते तसा.
पण चोर इतका वेळेवर?

आठवड्यानं फोन केला तिला,
ओसरीला पहाटे दहा मिनिटं लावता येतात?
येतात. पण कशाला?
मला मराठीत नीट सांगता आलं नाही,
गुजरातीत तर त्याहून नाही.
लावून दिली तिनं.
शटरच्या कुलपाशी मी त्या आठवड्याच्या पासवर्डची
चिठ्ठी चिकटवली.
हे तिला सांगितलं नाही.

चार दिवस चिठ्ठी तशीच, दवानं मऊ झालेली.
पाचव्या दिवशी उलटी चिकटवलेली सापडली.
मागे पेन्सिलीनं, गुजरातीत:
रिचार्ज करावी लीधुं, काकी.
अक्षर ओळखीचं नव्हतं.

ती दहा मिनिटंही मग बंद केली.
त्या दिवशी उसळ खारट झाली होती म्हणे,
मला दुपारी दोनला कुणीतरी सांगितलं.