‘आम्ही’चा तर्जुमा

चिकोडीच्या कोर्टात बावीस वर्षं
मी मराठीचं कानडी करतो, कानडीचं मराठी.
शपथ घेतलीय, पदरचं काही घालायचं नाही.
खोकलासुद्धा नाही.

सटुप्पा गावडे, वय एकोणीस, राहणार कोगनोळी.
आरोपी नंबर पाच.
निपाणीत अकोळ रोडची तंबाखूची वखार फुटली त्या रात्री
हा टेंपोत. इंजिन चालू, दिवे बंद.
आत चौघे, आणि राखणीला रायगोंडा.
त्याला दमा होता, हे चौघांनाही ठाऊक नव्हतं.
तोंडात बोळा कोंबून त्याला थप्पीमागं बसवला.
पोती ओढताना धूळ उठली,
आणि त्या धुळीला आत जायला
एक नाक तेवढं मोकळं होतं.

सरकारी वकील म्हणाले, चौघे असते तर जबरी चोरी.
पाच झाले की दरोडा.
दरोड्यात एकानं जीव घेतला तर तो पाचांनी घेतला.
मी हे मराठीत सांगितलं तेव्हा
पोरगं बोटं मोजायला लागलं,
अंगठ्यापाशी येऊन थांबलं.

“मी गाडीतच हुतो की, साहेब.
आम्ही नऊला सुटलो कोगनोळीतनं…”

आम्ही.
इथं माझं अडलं.
मराठीत दोन दारं : आपण आणि आम्ही.
आपण म्हटलं की ऐकणाराही आत येतो,
आम्ही म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर.
टपरीवर परशा म्हणाला असणार, “आपण जाऊया.”
टेंपो ज्याचा, त्याला बाहेर कोण ठेवतं?
वखारीपाशी उतरताना मात्र, “आम्ही येतो जाऊन.”
आपण ते आम्ही, एवढ्याच अंतरात
पोरगं स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेलं.
कानडीत एकच आहे : नावु.
मी म्हटलं, नावु.
टायपिस्टनं टाइप केलं.

मग बोळा दाखवला. मुद्देमाल सात.
पिवळं फडकं, काच पुसायचं, ग्रीसचे डाग.
“त्यांनी मागितलं, मी दिलं.
कशाला, ते इचारलं न्हाय.”
हे कानडीत नेताना काहीच अडलं नाही.
न विचारणं दोन्हीकडे सारखंच निघालं.

रायगोंडाची बायको मागच्या बाकावरून उठली,
कुणी बोलावलं नसताना.
“कूग केळसलिल्लेन?”
साहेब म्हणाले, हे घेऊ नका.
म्हणजे माझं काम नव्हतं.
पण पोरगं माझ्याच तोंडाकडं बघत राहिलं.
एवढं कानडी येत असणार त्याला, तरी.
मी हळूच म्हटलं, त्या विचारतायत,
ओरडणं ऐकू आलं नाही का?

“इंजिन चालू हुतं.”
मग थोड्या वेळानं, कुणालाच नाही असं :
“बंद करायला पायजे हुतं.”

हे वाक्य मी कुठंच नेलं नाही.
ते त्याला तारलं असतं की बुडवलं असतं,
मला अजून कळत नाही.

निकाल लागला. पाचही.
मला कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर म्हटलं असतं,
फडक्याचं देणं लागतोच तो.
पण मरणाचे पाच वाटे पडत नाहीत,
म्हणून ज्याला त्याला अख्खं देतात.
‘जन्मठेप’ मी मराठीत सांगितलं
तेव्हा त्यानं मान हलवली,
पत्ता बरोबर असल्यासारखी.

संध्याकाळी स्टँडवर निपाणी गाडी लागलेली.
ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून चहाला उतरला.
मी खिडकीशी, फायली मांडीवर.
खाली एक म्हातारी काहीतरी सांगत होती मला,
तोंड हलताना दिसत होतं.
मी हसून मान हलवली.
गाडी सुटल्यावर बघितलं,
तिची पिशवी माझ्या पायापाशी.