पंचमाच्या जागी काडी

मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्यामागची शेड
आठवडाभर रिकामी मिळाली.
खुर्च्या चौदा, मच्छीमार सोसायटीच्या,
पाठीवर रंगाने घातलेले नंबर.
कॉम्प्रेसर बंद होणार नाही म्हणाले,
तेव्हा त्याच्याच घरघरीला
आम्ही षड्ज लावून घेतला.
काळी दोनच्या जरा खाली.

गोव्याहून आलेले तीन चेलो
खाऱ्या हवेवर रुसलेले.
ब्रागांझा दर दहा मिनिटांनी
गजाला राळ घासतो
आणि माझ्याकडे न बघता म्हणतो, चला.

दाराशी चपला काढून आत आलेला
शृंगारतळीचा जाखडीचा मेळ:
आठ जण, उजव्या पायात चाळ,
मृदंगावर देमजी गोरिवले
आणि बेंजोला त्यांचा भाचा विघ्नेश.
गणपतीत, हळदीत, क्रिकेटच्या फायनलला
हाच वाजवतो.
बेंजोच्या कळा टाइपरायटरसारख्या,
एकीवर कुणाच्या तरी नावाचं पहिलं अक्षर.

तिसरा भाग मी मारव्यात लिहिला होता.
मारव्याला पंचम नाही.
सकाळपासून सात वेळा
विघ्नेशचं बोट तिथेच पडलं.
मी फक्त पेन्सिल खाली ठेवली,
चौदा खुर्च्या गप्प.

"तो स्वर या रागात नसतो."

गोरिवले मृदंगाच्या तोंडाला कणीक थापत होते.
"बाई, पंचम नाय तर
फिरून आलेल्या मानसानं
पाय टेकायचा कुठं?"

उत्तर येत होतं मला.
थाट, वादी, संवादी,
अठरा वर्षांची तालीम.
बाहेर कुणी बर्फाची लादी
सिमेंटवरून ओढत नेत होतं,
तो आवाज संपेपर्यंत
मी बोललेच नाही.

विघ्नेशने काडेपेटी काढली.
एक काडी मोडून
पंचमाच्या कळीखाली खोचली.
"आता नाय वाजनार."

पुन्हा पहिल्यापासून.
कोमल रिषभावर चेलो काळोखले,
व्हायोलिनं तीव्र मध्यमाशी येऊन थबकली,
आठ जण वळले,
आणि जिथे तो स्वर असता
तिथे बोट पडलं:
टक.

त्या टकवर
आठही पाय उतरले.
ब्रागांझाने मान वर केली,
कितीतरी दिवसांनी.

रात्री लॉजवर
पंचमाच्या रेघेवर मी एक फुली मारली.
छापणारा विचारील, ही चूक का?
समासात लिहिलं: चूक नाही, काडी.

तेवढ्यात विघ्नेशचा फोन.
उद्या पाटपन्हाळ्याला हळद आहे,
काडी काढू ना?

काढ, म्हटलं.
टाकू मात्र नकोस.